पाडायला महाग पडलेली इमारत

शिकागो शहरात मिशिगन ॲव्हेन्यूवर, तळ्याकडे तोंड करून, करड्या दगडाची एक दहा मजली इमारत उभी आहे. तिचे नाव ‘ऑडिटोरियम बिल्डिंग’. १८८९ साली ती पुरी झाली तेव्हा तिच्या पोटात चार हजारांवर खुर्च्यांचे नाट्यगृह होते. त्याच्या पूर्वेला आणि दक्षिणेला चारशे खोल्यांचे हॉटेल होते, पश्चिमेला कचेऱ्या होत्या आणि वर सतराव्या मजल्यापर्यंत गेलेला मनोरा होता. आज नाट्यगृह चालू आहे, हॉटेल मात्र नाही. हॉटेलच्या खोल्यांत कॉलेजचे वर्ग भरतात.

या स्मरणिकेत शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळजण असतील आणि ते माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी या परक्या इमारतीविषयी लिहिते आहे, त्याला कारण आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपले केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. त्यानंतर आपल्या बॅचच्या ग्रुपवर कितीतरी दिवस एकच वाद चालला. एक बाजू म्हणत होती, ‘होते तसेच, दगडाला दगड लावून बांधा.’ दुसरी म्हणत होती, ‘आता बांधायचेच आहे तर नव्या पद्धतीचे, वातानुकूलित, गाड्या लावायला भरपूर जागा असलेले बांधा.’ दोन्ही बाजूंना आपले शहाणे मित्र होते. मी शिकागोत राहते, ऑडिटोरियम माझ्या नेहमीच्या वाटेवर आहे. तो वाद वाचताना वाटत राहिले, की या इमारतीने ह्या प्रश्नाची बरीचशी उत्तरे स्वतःच्या अंगावर काढली आहेत. ती उत्तरे ग्रुपवरच्या चार ओळींत मावणारी नव्हती.

कथा सुरू होते १८८६ च्या मे महिन्यात. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी त्या वर्षी १ मेपासून अमेरिकेत संप सुरू झाले. ४ मे रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेच्या अखेरीस बाँब फुटला, गोळीबार झाला, पोलीस आणि कामगार दोन्ही बाजूंची माणसे मेली. आपण १ मेला महाराष्ट्र दिनाबरोबर जो कामगार दिन पाळतो, त्याचे मूळ याच घटनांत आहे. शहर दुभंगले होते. त्याच महिन्याच्या शेवटी फर्डिनंड पेक नावाच्या एका श्रीमंत शिकागोकराने तिथल्या व्यापाऱ्यांच्या क्लबापुढे एक योजना मांडली: शहरासाठी एक प्रचंड सभागृह बांधायचे. तिथे संगीत होईल, ऑपेरा होईल, अधिवेशने होतील, आणि तिकीट इतके स्वस्त असेल की कारखान्यातल्या माणसालाही बायकामुलांना घेऊन येता येईल.

पेक साधुसंत नव्हता. कामगारांना गाणे ऐकवले की ते शांत राहतील, असा हिशेब त्यात होताच. पण त्याने एक प्रयोग आधीच करून पाहिला होता. १८८५ साली त्याने तळ्याकाठच्या प्रदर्शनाच्या इमारतीत तात्पुरते रंगमंदिर उभारून दोन आठवड्यांचा ऑपेरा महोत्सव भरवला होता. स्वस्त तिकिटांवर लोक लोटले होते. त्यामुळे सामान्य माणूस असल्या कार्यक्रमाला येतो की नाही, हा प्रश्न त्याच्यापुरता सुटलेला होता. उरला होता पैशाचा प्रश्न.

मोठे नाट्यगृह स्वतःच्या तिकिटांवर चालत नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही नाटक कंपनीच्या मालकाने सांगितले असते. पेकने त्यावर काढलेली तोड अशी: नाट्यगृहाच्या भोवती हॉटेल आणि कचेऱ्यांचे वेटोळे बांधायचे. त्यांच्या भाड्यातून नाट्यगृहाची तूट भरून काढायची. म्हणजे रस्त्यावरून दिसते ते हॉटेल आणि कचेऱ्या, आत दडलेले ते नाट्यगृह. कमावता भाऊ बाहेर आणि कलावंत भाऊ आत, अशी ही एकत्र कुटुंबपद्धती होती.

काम मिळाले डँकमार ॲडलर आणि लुई सलिव्हन या जोडीला. ॲडलर हा एका ज्यू धर्मगुरूचा मुलगा, लहानपणी जर्मनीतून आलेला, यादवी युद्धात तोफखान्यात लढलेला. शिक्षणापेक्षा कामावर घडलेला स्थापत्य अभियंता. सलिव्हन त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, नक्षीचा आणि प्रमाणबद्धतेचा जबरदस्त डोळा असलेला. त्यांच्या कचेरीत आराखडे काढायला एक विशीतला पोरगा लागला होता, त्याचे नाव फ्रँक लॉइड राइट. पुढे तो अमेरिकेचा सर्वांत प्रसिद्ध वास्तुरचनाकार झाला.

आतल्या नाट्यगृहात गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती कमानींची. रंगमंचापासून प्रेक्षकांकडे एकामागे एक, मोठ्या होत जाणाऱ्या कमानी आहेत. एखाद्या तुतारीच्या तोंडात बसल्यासारखे वाटते. कमानींना सोन्याचा वर्ख आहे आणि त्यात उघडे विजेचे दिवे ओळीने बसवले आहेत. १८८९ साली वीज अनेकांनी पाहिलीही नव्हती, तेव्हा दिवा झाकून ठेवण्यापेक्षा तोच दागिना म्हणून मिरवला आहे. पण कमानी नुसत्या शोभेच्या नाहीत. आवाज पसरावा म्हणून त्यांचा तो आकार आहे. खुर्च्यांच्या रांगाही सरळ उतारावर नाहीत. मागे जाल तसा चढ वाढत जातो, असा वक्र त्यांना दिला आहे. पुढच्याच्या डोक्याआड आवाज अडू नये, प्रत्येक रांगेला तो थेट मिळावा, हा त्यामागचा हिशेब. मी एकदा सगळ्यात वरच्या गॅलरीत, सगळ्यात स्वस्त खुर्चीत बसून कार्यक्रम ऐकला आहे. नर्तकांचे चेहरे दिसले नाहीत, पण वाद्यवृंदातला हलका त्रिकोणसुद्धा स्पष्ट ऐकू आला.

स्वस्त खुर्चीला चांगला आवाज, हे त्या काळात आपोआप घडत नसे. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउस त्याच्या सहाच वर्षे आधी बांधले गेले होते. तिथे घोड्याच्या नालासारख्या रांगांत श्रीमंतांचे बॉक्स एकावर एक रचलेले होते. कोण कोणाच्या शेजारी बसले आहे, हे पाहणे हा तिथल्या संध्याकाळचा निम्मा कार्यक्रम असे. ऑडिटोरियममध्ये बॉक्स फक्त ४०, तेही दोन्ही कडांना. तिथून रंगमंच सर्वांत तिरका दिसतो. मधली उत्तम जागा साध्या खुर्च्यांना दिली आहे. पेकचे भाषण आज कोणाला आठवत नाही, पण त्याने जे सांगितले ते खुर्च्यांच्या मांडणीत अजून वाचता येते.

आता पायाविषयी. इंजिनिअरला तो विषय सोडवत नाही, तेव्हा जरा सहन करा. आपल्याकडे खोदायला घेतले की थोड्याच फुटांवर मुरूम लागतो, खाली काळा पत्थर. शिकागोत खडक शंभर फुटांहून खोल, आणि वर नुसती ओली चिकणमाती. त्यावर लाखभर टनांहून जड दगडी इमारत उभी करायची. ॲडलरने पाया तराफ्यासारखा केला: लाकडी ओंडक्यांचे आडवेउभे थर, त्यावर लोखंडी रूळ आणि तुळया, त्यावर काँक्रीट. इमारत चिखलावर तरंगावी तशी बसणार आणि काही इंच खचणार हे त्याला ठाऊक होते. खचली तरी सगळीकडून सारखी खचावी, एवढीच त्याची इच्छा होती.

अडचण होती मनोऱ्याची. तो भाग सतरा मजली, बाकीचा दहा. मनोरा पुरा होईल तेव्हा त्याचा पाया शेजारच्यापेक्षा जास्त दबेल आणि भिंती चिरतील. म्हणून मनोरा चढण्याआधीच त्याच्या पायावर कच्च्या लोखंडाच्या लगडी आणि विटा यांचे वजन रचून ठेवले. मनोरा वर चढत गेला तसे ते वजन उतरवत गेले. म्हणजे जमिनीला मनोरा आधीच पुरा झाल्यासारखा वाटत होता. पुढच्या भाराची चाचणी आधीच घेण्याची ही पद्धत आम्ही आमच्या कामात रोज वापरतो, पण लोखंडाच्या लगडी रचून ती केलेली वाचली तेव्हा ॲडलरला मनोमन नमस्कार केला.

तरी गणित चुकलेच, आणि ते पायात चुकले नाही. पाया घातल्यानंतर बाहेरच्या भिंतींचा बेत बदलला. आधी हलक्या विटांचे आणि भाजक्या मातीच्या फरशांचे काम ठरले होते. मग संचालकांना भारदस्त दगड हवासा वाटला. खाली ग्रॅनाइट आणि वर चुनखडीचा दगड आला. वजन वाढले, पाया तोच राहिला. पुढच्या काही वर्षांत बाहेरच्या भिंती ठिकठिकाणी दोन फुटांहून जास्त खचल्या, आतले खांब त्या मानाने कमी. आज हॉटेलच्या जुन्या दिवाणखान्यात उभे राहिले की फरशीचा उतार पायाला कळतो. नव्या विद्यार्थ्यांना तो सांगावा लागत नाही. इमारत मात्र चिरून पडली नाही.

कोनशिला १८८७ मध्ये अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी बसवली. १८८८ च्या जूनमध्ये, अजून छप्पर आणि सजावट अर्धवट असताना, रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन तिथे भरले आणि बेंजामिन हॅरिसन यांची उमेदवारी ठरली. त्यांनी निवडणुकीत क्लीव्हलँड यांनाच हरवले. ९ डिसेंबर १८८९ रोजी उद्घाटनाला अध्यक्ष म्हणून आले ते हेच हॅरिसन. ॲडेलिना पॅटी ही त्या काळातली सर्वांत नावाजलेली गायिका त्या रात्री गायली. इमारत त्या वेळी शिकागोतल्या सर्वांत उंच इमारतींपैकी एक होती. बर्फावरून खेळवलेली गार हवा पंख्यांनी नाट्यगृहात सोडण्याची सोय तिच्यात होती. गर्दी कमी असेल तर वरच्या गॅलऱ्या झाकून टाकणारे बिजागरीचे छतही होते. त्यानंतर चार वर्षांनी, १८९३ च्या सप्टेंबरात, स्वामी विवेकानंद या शहरात बोलले. सर्वधर्म परिषद जिथे भरली ती आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत याच रस्त्यावर, चालत पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. ‘शिकागो’ हा शब्द आपल्या कानावर पहिल्यांदा पडतो तो त्या भाषणामुळे. त्या दिवसांतले शिकागो डोळ्यांपुढे आणायचे तर त्यात हा मनोरा धरायला हवा.

यानंतरचा भाग उतरणीचा आहे. ज्या हॉटेलने नाट्यगृहाला पोसायचे, तेच आधी थकले. त्याच्या बहुतेक खोल्यांना स्वतंत्र न्हाणीघर नव्हते. काही वर्षांतच नव्या हॉटेलांमध्ये ते सर्रास झाले. दगडी भिंतींतून नव्याने नळ नेणे सोपे नव्हते. गिऱ्हाईक कमी झाले. शिकागोचा सिंफनी वाद्यवृंद १८९१ मध्ये इथेच सुरू झाला होता, पण एवढी मोठी जागा भरत नाही म्हणून १९०४ मध्ये तो आपल्या नव्या सभागृहात गेला. १९२९ मध्ये वीज कंपन्यांचा सम्राट सॅम्युअल इन्सल याने नदीकाठी नवे ऑपेरा हाउस बांधले, तेही गंमत म्हणजे कचेऱ्यांच्या उंच इमारतीच्या पोटात, म्हणजे पेकचीच युक्ती वापरून. ऑपेराही गेला. मालकांनी इमारत पाडण्याचा विचार केला आणि अंदाज काढला. त्या जाड दगडी भिंती आणि ते लोखंड पाडून वाहून नेण्याचा खर्च मोकळ्या जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त येत होता. त्यामुळे ती उरली. तिचे सौंदर्य, इतिहास, ॲडलर-सलिव्हन यांची कीर्ती यांतले काही त्या हिशेबात धरलेले नव्हते.

सलिव्हनने हे सगळे पाहिले. त्याची आणि ॲडलरची भागीदारी १८९५ मध्ये मोडली, ॲडलर १९०० मध्ये वारला. सलिव्हनची कचेरी याच मनोऱ्यात वर होती. कामे मिळेनाशी झाली तेव्हा त्याला ती सोडावी लागली. १९२४ मध्ये तो शहराच्या दक्षिण भागातल्या एका साध्या हॉटेलच्या खोलीत, जवळ पैसे नसताना, मरण पावला.

१९४१ मध्ये नाट्यगृह बंद पडले. दुसऱ्या महायुद्धात शहराने इमारत सैनिकांच्या विश्रांतीसाठी घेतली. ज्या रंगमंचावर पॅटी गायली तिथे आणि पुढच्या खुर्च्यांच्या जागी बोलिंगच्या पट्ट्या टाकल्या. रजेवर आलेले शिपाई तिथे चेंडू घरंगळवत.

आणि मग शाळा आली. हा भाग खास आपल्या सर आणि बाईंसाठी लिहिते.

शिकागोत एका संस्थेच्या कॉलेजचे प्राचार्य होते एडवर्ड स्पार्लिंग. १९४५ मध्ये संचालक मंडळाने त्यांच्याकडे विद्यार्थ्यांच्या वंशाची आणि धर्माची आकडेवारी मागितली. कृष्णवर्णीय आणि ज्यू मुलांच्या संख्येवर मर्यादा घालायची होती, हे उघड होते. स्पार्लिंग यांनी आकडे देण्यास नकार दिला आणि राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर जायचे की नाही यावर मतदान झाले. शिक्षकांत ६२ विरुद्ध १ आणि विद्यार्थ्यांत ४८८ विरुद्ध २ असा कौल पडला. नवे कॉलेज निघाले. नुकत्याच वारलेल्या अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे नाव त्याला दिले. कॉलेजकडे विद्यार्थी होते, शिक्षक होते, पण जागा नव्हती. शहरात एक मोठी, पडीक, कोणाला नकोशी इमारत होती. १९४६ मध्ये त्यांनी ऑडिटोरियम घेतली.

हॉटेलच्या खोल्यांचे वर्ग आणि शिक्षकांच्या खोल्या झाल्या. दहाव्या मजल्यावरच्या, तळे दिसणाऱ्या कमानदार भोजनगृहाचे ग्रंथालयाचे वाचनदालन झाले. नाट्यगृहाच्या वर तोललेल्या मेजवानीच्या दालनात संगीताच्या बैठका होऊ लागल्या. खोलीला न्हाणीघर नसणे हा हॉटेलचा दोष होता, वर्गाला त्याने काही बिघडत नाही. ज्या इमारतीत गरीब माणसाला शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जावे अशी खटपट केली होती, तिच्यात अशी संस्था आली जिने कोण आत येतो हे मोजायला नकार दिला होता. हा योगायोग म्हणा हवे तर. पण हॉटेल म्हणून मेलेली इमारत कॉलेज म्हणून आज पाऊणशेहून जास्त वर्षे चालली आहे. हॉटेल चालले त्याहून हे आयुष्य मोठे आहे.

नाट्यगृह मात्र अजून अंधारात होते. कॉलेजकडे ते सुधारायला पैसा नव्हता. पाणी गळत होते, सोन्याचा वर्ख काळा पडला होता. मधल्या काळात, १९५० च्या सुमारास, दक्षिणेचा रस्ता रुंद करायचा ठरला. इमारत मागे सरकवता येईना, म्हणून तिच्या तळमजल्यातूनच पदपथ काढला. हॉटेलचा लांबलचक लाकडी बार आणि खालची काही दालने त्यात गेली. आज आपण तिथून कमानीखालून चालतो तेव्हा खरे तर एका नाहीशा झालेल्या खोलीतून चालत असतो.

१९६० मध्ये बिआट्रिस स्पॅक्नर या बाईंनी नाट्यगृहासाठी समिती केली. त्या वास्तुरचनाकार नव्हत्या, इंजिनिअर नव्हत्या. संगीताची ओढ असलेल्या गृहिणी होत्या. त्यांनी सात वर्षे देणग्या गोळा केल्या. वास्तुरचनाकार हॅरी वीस यांनी दुरुस्तीची जबाबदारी घेतली. ३१ ऑक्टोबर १९६७ रोजी पडदा पुन्हा वर गेला. पुढे मोठमोठी संगीतनाटके तिथे महिनोन्‌महिने चालली, जोफ्री बॅलेचे ते वीसेक वर्षे घर होते. नाट्यगृह कमवू लागले तेव्हा त्या पैशावर हक्क समितीचा की विद्यापीठाचा, यावरून दोघांमध्ये कोर्टकज्जाही झाला. म्हणजे एकत्र कुटुंबातली भांडणेही आली. १९७५ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून ती नोंदली गेली. ही नोंद तिला वाचवणारी ठरली नाही, हे लक्षात घ्या. वाचून झाल्यावर ती नोंदली गेली.

न वाचलेल्यांचीही गोष्ट सांगायला हवी. याच दोघांनी १८९२ मध्ये शिकागोत दुसरे नाट्यगृह बांधले होते, पुढे ते गॅरिक या नावाने ओळखले गेले. तेही कचेऱ्यांच्या मनोऱ्याच्या पोटात. जाणकारांच्या मते देखणेपणात ते कमी नव्हते. ते १९६१ मध्ये पाडले आणि तिथे गाड्या लावायची बहुमजली इमारत उभी राहिली. रिचर्ड निकेल नावाच्या छायाचित्रकाराने फलक हातात घेऊन निषेध केला आणि तो फळणार नाही हे दिसल्यावर पाडकाम चालू असताना एकेक नक्षीचा तुकडा काढून घेतला, प्रत्येक कोपऱ्याचे फोटो घेतले. १९७२ मध्ये ॲडलर-सलिव्हन यांचेच शेअर बाजाराचे सभागृह पाडले जात होते. निकेल तिथेही तुकडे सोडवायला एकटा आत गेला. वरचा भाग कोसळला आणि तो ढिगाऱ्याखाली मेला. त्या शेअर बाजारातले सौद्यांचे दालन आज आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा उभे केलेले पाहायला मिळते. तिथे जमवलेले नक्षीकाम आणि जुनी छायाचित्रे नसती तर ते शक्य झाले नसते.

गॅरिक पडले आणि ऑडिटोरियम उरले, यात फरक कलेचा नव्हता. ऑडिटोरियमला पाडणे महाग होते, त्यामुळे तिला वेळ मिळाला. त्या वेळात तिला रोज वापरणारे लोक मिळाले. वारसा म्हणून आपण जे जपू म्हणतो त्याचे मोल मला या दोन गोष्टींत दिसते: ती वास्तू कोणासाठी बांधली होती ते तिच्यात अजून दिसते का, आणि आज सकाळी तिथे कोणाचे काम आहे का. पहिली असून दुसरी नसेल तर तिचे फक्त तिकीट लावून दाखवायचे संग्रहालय होते, किंवा ती गळून पडते. दुसरी असून पहिली पुसली तर ती कोणतीही इमारत होते.

या मापाने आपले नाट्यगृह पाहा. १९०२ मध्ये राज्यारोहणाच्या सोहळ्यासाठी शाहू महाराज विलायतेला गेले, युरोपातली रंगमंदिरे आणि रोमचे आखाडे त्यांनी पाहिले. परत आल्यावर खासबागेत कुस्तीचे मैदान झाले, आणि त्याला लागून १९१५ मध्ये पॅलेस थिएटर. पैलवानांचा आखाडा आणि संगीत नाटकाचा रंगमंच भिंतीला भिंत लावून, हे जगात फार ठिकाणी दिसणार नाही. त्याच १९०२ मध्ये महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या जातींसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. दाराशी कोण येऊ शकतो याचा विचार करणाऱ्या राजाने ते थिएटर बांधले होते. माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचतो, अशी त्याची ख्याती होती. ज्यांच्या नावाने ते १९५७ पासून ओळखले जाते त्या केशवरावांची जयंती ९ ऑगस्टला. तिच्या आदल्या रात्री आग लागली. छप्पर, लाकूडकाम, रंगमंच गेले. दर्शनी दगडी भाग उभा राहिला. आता पुनर्बांधणीचे काम हाती घेतले आहे.

‘होते तसेच’ म्हणजे काय, या आपल्या वादाला माझे उत्तर असे आहे. वायरिंग, अग्निरोधक व्यवस्था, संकटकाळी बाहेर पडायची दारे, हे जुन्यासारखे नकोच. शिकागोतही ते जुन्यासारखे ठेवलेले नाही. आवाज, खुर्च्यांचा चढ, रंगमंचाचे माप, खासबागेशी असलेले नाते आणि शाळेच्या स्नेहसंमेलनालाही परवडेल असे भाडे, हे मात्र तसेच हवे. तालीम करणाऱ्या हौशी मंडळींना आणि आपल्यासारख्या शाळांना वर्षातून दोन तारखा मिळाल्या नाहीत, तर दगड कितीही जुना लावला तरी ते पॅलेस थिएटर होणार नाही.

यात आपल्याला एक गोष्ट करता येईल. सॉफ्टवेअरच्या धंद्यात मी जुन्या प्रणाली दुरुस्त करते. तिथे सर्वांत जास्त नुकसान करते ती एकच गोष्ट: काहीतरी तसे का केले होते, हे कोणी लिहून ठेवलेले नसते. आपल्या शाळेची कितीतरी स्नेहसंमेलने त्या रंगमंचावर झाली. आपल्यापैकी कोणी राजा झाले, कोणी झाड झाले, कोणी पडदा ओढला. घरोघरी अल्बममध्ये ते फोटो आहेत. मुलांच्या मागे त्यात कमान दिसते, खांबाची नक्षी दिसते, बाल्कनीचा कठडा दिसतो, छताचा एखादा कोपरा दिसतो. आपण फोटोत स्वतःला शोधतो, बांधणाऱ्यांना मागचे लागेल.

म्हणून मेळाव्याला येताना ते फोटो घेऊन या, मागे साल आणि नाटकाचे नाव लिहून. स्कॅन करण्याचे आणि नीट लावून संच तयार करण्याचे काम मी करीन. सर, बाई, तुमच्याकडे संमेलनाच्या जुन्या वह्या, रंगमंचाचे मोजमाप घेतलेली कागदे, नेपथ्याची चित्रे असतील तर तीही हवीत. रंगमंचाची खोली किती, विंगा कुठे, पडद्याची उंची किती, हे संमेलन बसवणाऱ्या शिक्षकांइतके फार थोड्यांना माहीत असेल. तो संच आपण शाळेच्या वतीने पुनर्बांधणीचे काम पाहणाऱ्यांना देऊ, आणि एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवू.